आ हेईची ओळ

माझ्या धंद्यात चूक पुसता येत नाही. कागदावर चुकलं तर खोडता येतं, कॉम्प्युटरवर तर चुकल्याची खूणही उरत नाही. ब्राँझमध्ये ओतली गेलेली चूक मात्र आपल्यापेक्षा जास्त जगते. सिंगापूरमधल्या एका पाट्या करणाऱ्या कंपनीत मी चोवीस वर्षं काम केलं. भिंतीत बसवायच्या धातूच्या पाट्या, उद्घाटनाचे फलक, जुन्या वास्तूंवरचे स्मृतिफलक, यांचा मजकूर मांडायचा, तपासायचा आणि तो बिनचूक ओतला जाईल हे बघायचं, असं माझं काम. आता निवृत्त झाले आहे. लोक विचारतात, एवढ्या वर्षांत काय लक्षात राहिलं? खरं सांगायचं तर एकाच पाटीनं बाकीच्या सगळ्या मागे ढकलल्या. तिच्या वेळी जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही.

आधी धंदा थोडा समजावून सांगते. इथल्या सार्वजनिक पाटीवर बहुधा चार भाषा असतात: इंग्रजी, मलय, चिनी आणि तमिळ. मजकूर गिऱ्हाईक देतं, भाषांतरंही तेच करून आणतं. आम्ही तो पाटीच्या मापात मांडतो आणि खऱ्या आकाराचं कागदी प्रूफ काढतो. ते प्रूफ जागेवर नेऊन भिंतीला चिकटवून बघायचं. उंची बरोबर आहे का, ऊन कुठून येतं, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वाचता येतं का. मग गिऱ्हाइकाची सही. सही झाली की अक्षरांचा साचा करायचा, तो वाळूत दाबायचा आणि त्यात वितळलेलं ब्राँझ ओतायचं. थंड झाल्यावर अक्षरं वर उठून आलेली असतात. ती घासून चकचकीत करायची, मधली जमीन, म्हणजे अक्षरांमागचा भाग, काळपट ठेवायची. सही आणि ओतकाम यांच्यामध्ये जेमतेम आठवडा मिळतो. जे काय सुचायचं असेल ते त्या आठवड्यात सुचलं पाहिजे.

नोकरी कशी मिळाली ही मात्र लाजेची गोष्ट आहे. नवऱ्याची बँक त्याला इथे घेऊन आली, त्याच्या परवान्यावर, इथल्या भाषेत पासवर, मी आणि दोन मुलं आलो. पुण्यात मी कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केला होता. कंपनीच्या मालकांनी माझी चित्रं वगैरे फारशी पाहिलीच नाहीत. तू भारतीय ना, मग तमिळ वाचता येत असेल, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडंफार. तमिळचं एक अक्षर मला येत नव्हतं. सहा महिन्यांतच एका बागेतली तमिळ पाटी माझ्या देखरेखीखाली चक्क उलटी बसवली गेली. दोन दिवस ती तशीच होती. शेवटी एका शाळेतल्या तमिळ बाईंनी फोन करून, पाटी वाचायला आम्ही डोक्यावर उभं राहायचं का, असं अतिशय नम्रपणे विचारलं. त्या आठवड्यात मी बालवाडीचं तमिळ पुस्तक आणलं आणि बुकित पंजांगच्या घरापासून वर्कशॉपपर्यंत रोज एलआरटी, एमआरटीच्या गाड्यांत ते गिरवत राहिले. मुलगी म्हणायची, "Aai, so embarrassing lah, that's for babies." पण अक्षरं आली, आणि त्यांच्याबरोबर शे-दोनशे शब्दही आले.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांनी स्वतःच्या थडग्याची पाटी जिवंतपणी करून घेतली होती. मृत्यूच्या तारखेची जागा मोकळी सोडायला लावली. दर चिनी नववर्षाला ते पाटी पोतडीत घालून घेऊन यायचे आणि आमच्याकडून चमकवून न्यायचे. सात-आठ वर्षं आले, मग यायचे थांबले. एका कॉन्डोच्या, म्हणजे उंची सोसायटीच्या, नावात आर्किटेक्टनंच फ्रेंच शब्द चुकवला होता. मी ते दाखवलं तर इथे फ्रेंच कोणाला येतं म्हणाले आणि तसंच ओतायला लावलं. ती पाटी अजून आहे. त्या बाजूला जाणं मी टाळते.

आता मुख्य गोष्ट.

खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या दुकानघरांच्या एका गल्लीत, एका दोन मजली घरावर स्मृतिफलक लावायचा होता. काम आणलं फैझलनं. हा तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाचा तरुण चिटणीस, चष्मेवाला, हळू बोलणारा आणि फार काटेकोर. ते घर मादाम लाउ नावाच्या एका बाईंचं. युद्धाच्या आधी इथल्या श्रीमंत घरांतून लहान मुली विकत घेऊन राबवायला ठेवायची पद्धत होती. अशा मुलीला मुई त्साई म्हणत. शब्दाचा अर्थ धाकटी बहीण. पाच-सहा वर्षांची पोर एकदा विकली गेली की लग्न होईपर्यंत, म्हणजे मालकीण करून देईल तोपर्यंत, त्या घरची. पगार नाही, सुट्टी नाही, परतायला घर नाही. सरकारनं नवीन मुली घ्यायला बंदी केली तर लोक तिला मानलेली मुलगी म्हणायला लागले. कागदोपत्री लेक आणि घरात गुलाम. मादाम लाउ या पद्धतीविरुद्ध उभ्या राहिल्या. सभा घेतल्या, अर्ज केले, मार खाऊन पळालेल्या मुलींना आपल्या घरात आसरा दिला, त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. मजकूर वाचूनच मला त्या बाईंबद्दल आदर वाटला. शेवटची ओळ होती: या घराच्या उंबऱ्याच्या आत आलेली प्रत्येक मुलगी मोकळी झाली.

ती ओळ मला फार आवडली होती. मी ती मुद्दाम जरा मोठ्या अक्षरात मांडली.

प्रूफ चिकटवायला मी आणि अंकल फू गेलो. अंकल फू म्हणजे आमच्या ओतकामाचे फोरमन. पासष्टीचे, कँटोनीज बोलणारे चिनी, बोटांना कायमची काजळी. आम्ही दाराशेजारी कागद लावला आणि मी लांब जाऊन उंची बघत होते. तेवढ्यात एक म्हातारी बाई पाठीमागे येऊन थांबली. अगदी छोटी, वाकलेली, फुलाफुलांचा सैल सदरा आणि हातात चाकांची भाजीची पिशवी. नव्वदीच्या पुढची असावी. तिनं अंकल फूंना कँटोनीजमध्ये काहीतरी विचारलं. त्यांनी तिला चिनी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पुन्हा वाचायला लावला. शेवटची ओळ तर तीनदा वाचायला लावली.

मग ती बोलायला लागली. आवाज चढला नाही, हातवारे नाहीत. पण अंकल फूंच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. मी जवळ जाऊन काय झालं विचारलं.

"ती म्हणते, ती या घरात राहायची," अंकल फू म्हणाले. "ती म्हणते, तिला विकत आणलं होतं."

"कुठल्या घरातून सुटून आली होती?"

"सुटून नाही आली. या घरानंच विकत घेतलं. ज्यांची पाटी आपण लावतोय त्यांनी."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं.

आम्ही तिला जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत नेलं. तिनं कॉफी घेतली आणि ती सांगत गेली. अंकल फू थांबत थांबत मला इंग्रजीत सांगत होते. तिला सगळे आ हेई म्हणत. हेई म्हणजे आनंद. आपल्याकडची आनंदीच म्हणा. ते नावही त्या घरानंच ठेवलेलं. त्याआधीचं तिला आठवत नाही. युद्धात जपानी सैन्य यायच्या आदल्या वर्षी एका बाईनं तिला बोटीतून आणून त्या घरी सोडलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तुझी माणसं तापानं मेली, म्हणून तुला घेतलं, असं मादामनी तिला सांगितलं. पाहुण्यांना सांगत, ही माझी मानलेली मुलगी. आणि ती मानलेली मुलगी पहाटे उठून जिन्यानं पाणी वर न्यायची, रात्रीची मलमूत्राची भांडी रिकामी करायची, मादामचे पाय चेपायची आणि जिन्याच्या वळणावर चटई टाकून झोपायची. युद्धानंतर सुटका झालेल्या मुली यायला लागल्या. त्यांना नवे कपडे मिळायचे, पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. आ हेई त्यांच्यासाठी भात शिजवायची. तिलाही अक्षरं शिकायची होती, पण वर्गाच्या वेळेलाच भात चुलीवर असायचा.

एकदा तपासणीला सरकारी बाई आल्या. त्यांनी आ हेईला बाजूला घेऊन विचारलं, तू या घरात कोण?

"मी मुलगी म्हणाले," आ हेईनं सांगितलं. "तसंच सांगायला शिकवलं होतं. त्या बाईंनी लिहून घेतलं आणि गेल्या. मी मोलकरीण म्हणाले असते तर त्या दिवशीच सुटले असते. मला ठाऊक नव्हतं."

तिनं कॉफी संपवली, कप बशीत उपडा घातला आणि क्वीन्सटाउनची बस पकडायला निघाली. तिथे एका खोलीच्या फ्लॅटमध्ये ती दुसऱ्या एका म्हातारीबरोबर राहत होती. अंकल फूंनी ब्लॉकचा नंबर लिहून घेतला.

आम्ही लॉरीतून परत निघालो. एका सिग्नलला अंकल फू म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या घरात एक बाई होती, जी कधीच टेबलाशी बसली नाही, स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायची. आम्ही तिला काय म्हणायचो तेच आता आठवत नाही, म्हणाले.

मला माझं घर आठवलं. मुलं लहान असताना सहा वर्षं आमच्याकडे जावाहून आलेली यानी घरकामाला होती. तिला कोणी विकत घेतलं नव्हतं, करार होता, पगार होता. म्हणून त्या गोष्टीशी हिची तुलना नाही, असं मी मनाला लगेच बजावलं. पण पहिली दोन वर्षं तिला सुट्टीचा वार नव्हता आणि तिचा पासपोर्ट आमच्या कपाटात होता. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचे, आमच्या घरातलीच आहे ती. हे आठवल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसले.

ओतकाम सोमवारी ठरलं होतं. आ हेई भेटली त्याच दुपारी मी फैझलला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पुरावा काय? काहीच नव्हता. एक नव्वदीतली बाई आणि तिचा शब्द. मंडळातले काहीजण म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत गोंधळ होतो. तारीख ठरली आहे, निमंत्रणं गेली आहेत. त्यांचं म्हणणं समजत होतं. माझं काम अक्षरं बघायचं, इतिहास बघायचं नव्हे, हे आमच्या मालकांनीही मला सांगितलं. मी म्हटलं, शेवटच्या ओळीत चूक आहे आणि चूक दिसत असताना मी सही घेत नाही. चोवीस वर्षांत असं मी एकदाच बोलले. मालकांनी मला आठ दिवस दिले.

बुधवारी मिस लाउ वर्कशॉपवर आल्या. या मादामच्या नात. निवृत्त शिक्षिका, पंच्याहत्तरीच्या, ताठ, केस बारीक कापलेले. पाटीसाठी त्यांनीच मंडळाकडे तीन वर्षं पाठपुरावा केला होता. फैझलनं त्यांना सगळं सांगितलं होतं आणि त्या संतापलेल्या होत्या. आ हेई त्यांना चांगली आठवत होती. लहानपणी हिनंच मला अंगाखांद्यावर खेळवलं, म्हणाल्या. आजीनं तिला दत्तक घेतलं होतं. तिचं लग्न लावून दिलं, सोन्याच्या बांगड्या केल्या, निरोप देताना आजी रडली. ती आमच्या घरातलीच होती.

तेच शब्द. मी फक्त म्हटलं, त्या क्वीन्सटाउनला राहतात, तुम्हीच भेटा. त्यांना ती हयात आहे हेच माहीत नव्हतं. साठ-पासष्ट वर्षांत कोणी चौकशी केली नव्हती.

शनिवारी सकाळी मिस लाउ, फैझल, अंकल फू आणि मी, असे चौघं आ हेईच्या खोलीत गेलो. बसायला एकच खुर्ची होती, ती तिनं मिस लाउंना दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसली. मिस लाउंनी संत्री आणली होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आ हेईनं त्यांना लहानपणच्या नावानं हाक मारली आणि तुझा दमा बरा झाला का, असं विचारलं. मिस लाउंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता सगळं निवळेल.

पण मिस लाउ शिक्षिका होत्या, मुद्द्यावर आल्या. आजी तुला मुलगी मानायची, हे तू का नाकारतेस, असं त्यांनी विचारलं. आ हेई त्यांच्याकडे जराही न रागावता बघत होती.

"मी तुझ्या आजीची मुलगी, म्हणजे तुझ्या वडिलांची धाकटी बहीण," ती म्हणाली. "म्हणजे मी तुझी गू-जे. तू मला काय हाक मारायचीस?"

गू-जे म्हणजे आत्या. अंकल फूंनी मला ते कानात सांगितलं.

आ हेई थांबली नाही.

"तुझ्या वडिलांनी मला कधी बहीण म्हणून हाक मारली? तुझ्या धाकट्या भावानं कधी एकदा तरी गू-जे म्हटलं?"

"आ हेई," मिस लाउ अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "आम्ही सगळे तुला आ हेई म्हणायचो."

ज्या भाषेत मामा, काका, आत्या, मावशी, प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे, तिथे हा केवढा मोठा पुरावा आहे हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. कागद खोटं बोलू शकतो. घरातली हाक खोटं बोलत नाही. मिस लाउ उठल्या. पिशवी घेऊन, कोणाशीही न बोलता लिफ्टकडे गेल्या. संत्री पलंगावर तशीच राहिली. फैझल भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मला वाटलं, आता त्या वकिलाचं पत्र पाठवतील. मालकांनी दिलेले आठ दिवस संपत आले होते. सातव्या दिवशी त्या स्वतःच वर्कशॉपमध्ये आल्या. झोप न झालेला चेहरा. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात एक घडीचा लालसर कागद होता. आजीची लाकडी पेटी त्यांच्याकडे होती. त्यात जुने अर्ज, सभांची पत्रकं, मुलींनी लिहिलेली पत्रं जपून ठेवलेली. ती त्यांनी इतिहास मंडळाला दाखवलीही होती. पण पेटीच्या तळाशी कापडाच्या अस्तराखाली हा कागद होता, तो त्यांनी परवा पहिल्यांदा पाहिला. चार ओळी वाचून मिटला. पुढचं आ हेईसमोरच वाचायचं, म्हणाल्या. त्यांनी तो फाडून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. मी आजवर पाहिलेल्या धाडसांत हे एक आहे.

आम्ही पुन्हा क्वीन्सटाउनला गेलो. या वेळी मिस लाउ पलंगावर तिच्या शेजारी बसल्या. वाचायचं काम अंकल फूंनी केलं, कारण मिस लाउंना ते जमेना. तो भेटपत्राचा कागद होता. विक्री म्हणायचं नाही म्हणून भेट म्हणायचं. दुष्काळ आणि कर्ज यांमुळे ही मुलगी लाउ घराला दिली आहे, चहापाण्याची रक्कम पोचली, यापुढे तिच्या जगण्या-मरण्याशी आमचा संबंध नाही. खाली बापाचं आडनाव, मध्यस्थ बाईचं नाव आणि घेणारीची सही. सही मादाम लाउंची, सुंदर, वळणदार. त्याच हातानं त्यांनी बंदीच्या बाजूनं अर्ज लिहिले होते.

आ हेईनं विचारलं, माझं नाव काय लिहिलंय?

अंकल फूंनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला.

"नाव नाही लिहिलेलं, पो-पो," ते म्हणाले. पो-पो म्हणजे आजी. "तिसरी मुलगी, असं लिहिलंय."

मला वाटलं, ही बाई आता कोसळेल. आयुष्यभर ज्या नावाची वाट पाहिली असेल ते नावच नव्हतं. पण ती वेगळाच विचार करत होती.

"तिसरी," ती म्हणाली. "म्हणजे मला दोन बहिणी होत्या."

मग तिनं कागदाच्या कोपऱ्यातल्या तपकिरी डागावर बोट ठेवलं आणि हे काय, असं विचारलं. अंकल फूंना सांगवेना. शेवटी मिस लाउंनी सांगितलं. तो अंगठा होता. शेजारी लिहिलं होतं, आईचा.

तिला आयुष्यभर सांगितलं होतं की घरचे सगळे तापानं मेले, म्हणून ती इथे आली. आई मेलेली नव्हती. आईनंच अंगठा उठवला होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. खाली तिच्या रबरी सपातांकडे बघत होते. तिनं आपला अंगठा त्या डागाशेजारी ठेवला आणि म्हणाली, लहानसा आहे. फार तरुण असणार ती.

मादामनी तो कागद का जपला, हे कोणाला ठाऊक नाही. पुरावा म्हणून, की कधीतरी हिला दाखवायचा म्हणून, की टाकून द्यायची हिंमत झाली नाही म्हणून. मिस लाउंना मी विचारलं नाही. त्यांनीही तर्क केला नाही.

उद्घाटन पुढे ढकललं गेलं. मंडळात तीन-चार बैठका झाल्या. पाटीच नको असं काहींना वाटत होतं. काहींना वाटत होतं, पाटी राहू दे, कागद संग्रहात ठेवून द्या, भिंतीवर कशाला? फैझलनं आग्रह धरला की ज्या बाईबद्दल चाललंय तिला विचारा. आ हेईनं जे सांगितलं ते ऐकून मी पुन्हा चक्रावले. मादामचं नाव काढू नका, म्हणाली. तिनं त्या मुली खरंच सोडवल्या. मी त्यांचा भात शिजवलाय, मला माहीत आहे. वाईट बाई असती तर सोपं झालं असतं. फक्त प्रत्येक मुलगी मोकळी झाली, असं लिहू नका. मलाही मोजा.

मिस लाउंनी आपलं आडनाव देऊ केलं, लाउ आ हेई असं लिहा म्हणाल्या. ते तिनं नाकारलं. ओळखपत्रावर नवऱ्याचं आडनाव होतं, कागदावर बापाचं. तीही नकोत म्हणाली. पाणी आ हेईनं भरलं, तेवढंच नाव पुरे.

शेवटची ओळ बदलली. नवी ओळ अशी: याच घरात आ हेई हिला लहानपणी विकत आणून कामाला ठेवले होते; आसऱ्याला आलेल्या मुलींसाठी ती रांधत असे. इंग्रजीत फैझलनं लिहिली, बाकीची भाषांतरं नेहमीप्रमाणे बाहेरून आली. सहीच्या आधी मी तमिळ वाचत होते आणि एका शब्दावर अडखळले. मगळ. मगळ म्हणजे मुलगी, लेक. त्या ओळीत तो शब्द यायचं कारण नव्हतं. मी माझ्या ओळखीच्या एका तमिळ बाईंना फोनवर वाचून दाखवलं. भाषांतरकारानं विकत आणलेली याच्या जागी वाढवलेली लेक असं घातलं होतं. मग मी फैझलला मलय ओळ बघायला सांगितली. तिथेही दत्तक मूल झालं होतं. दोघांनी एकमेकांना न विचारता केलं होतं हे. वाईट हेतू नव्हता. पाटीवर बरं दिसावं, एवढंच. ज्या शब्दाआड ती बाई तेव्हा लपवली गेली, तोच शब्द आम्ही ब्राँझमध्ये ओतायला निघालो होतो, आणि दोन भाषांत. दोन्ही ओळी दुरुस्त करून घेतल्या, मगच सही घेतली.

ओतकाम अंकल फूंनी स्वतः केलं. आ हेईची ओळ त्यांनी घासायला दुसऱ्या कोणाला दिली नाही.

कार्यक्रम छोटासाच झाला. दोन भाषणं झाली, मिस लाउ थोडं बोलल्या, आजीबद्दल आणि कागदाबद्दल, काहीही न लपवता. आ हेई पुढच्या खुर्चीत बसली होती, त्याच फुलाफुलांच्या सदऱ्यात. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. आपण काहीतरी केलं असं वाटत होतं. लोक पांगल्यावर तिनं अंकल फूंना जवळ बोलावलं आणि यात मी कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. त्यांनी तिचं बोट धरून चिनी ओळीतल्या त्या दोन अक्षरांवर ठेवलं. तिनं ती चाचपून पाहिली. एक, मग दुसरं. मग बोट पुढे सरकवलं. पुढे दुसऱ्या शब्दाची अक्षरं होती. ती पुन्हा मागे आली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

अंकल फूंनी ते मला इंग्रजीत सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. हो पो-पो, एवढंच, असं ते म्हणाले. तिनं मान हलवली, चाकांची पिशवी पुढे ओढली आणि बस चुकेल म्हणून निघाली.